पूर्वीचे नाव, असल्यास

शनिवारी दुपारी परवाना मंडळाच्या कचेरीतून फोन आला होता, आणि रविवारचं जेवण अर्ध्यावर आलं तरी धाकटीने तो कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही.

सांगायला सवडच मिळाली नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. ते थोडंफार खरंही होतं. सासूबाईंच्या उत्साहाला नुसतं उधाण आलं होतं. सुनेने आपलं आडनाव लावावं म्हणून लग्नापासून त्यांनी काय कमी केलं होतं? आधी आडून आडून सुचवलं, मग सरळ विचारलं, शेवटी रुसून तो विषयच सोडून दिला. आणि आता धाकटीने आपण होऊन, कुणी न सांगता, परवान्याच्या अर्जावर सासरचं आडनाव लिहिलं होतं. साधासुधा परवाना नव्हे. इमारत उभी राहील की नाही, तुळई किती वजन पेलेल, हे ठरवून त्याखाली सही करण्याचा परवाना. त्या सहीत आपलं आडनाव असणार हे कळल्याबरोबर सासूबाईंनी जेवणच ठेवलं.

“छोटंसंच करू,” त्या म्हणाल्या, आणि सकाळी उजाडल्यापासून चारही शेगड्या पेटल्या.

जेवायचं टेबल अवाढव्य होतं. खालच्या मजल्यावर घरचं फर्निचरचं दुकान. तिथे कुणा गिऱ्हाइकाने ते हौसेने बनवून घेतलं, आणि न्यायच्या दिवशी ते त्याच्या दारातून आत जाईना. तेव्हापासून ते वर येऊन बसलं होतं. भोवतीच्या खुर्च्याही अशाच, न खपलेल्या नमुन्यांच्या. एकीची पाठ दुसरीशी जुळत नव्हती. नानांना, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांना, त्यात काही वावगं वाटत नसे. “बसल्यावर कुणाला दिसतंय?” ते म्हणत.

नानांच्या उजव्या हाताला आज दादा होता. थोरला मुलगा, नाना थकल्यापासून दुकान तोच बघायचा. समोर ताई, म्हणजे मधली मुलगी, दातांची डॉक्टर. आणि धाकटीच्या शेजारी तिचा नवरा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यामुळे घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणत.

“मी त्या हॉटेलवाल्याला सांगूनसुद्धा टाकलं,” दादा म्हणाला. “म्हटलं, पोटमाळा काढायचाय ना? आमच्या घरातच इंजिनियर आहे. आडनाव तेच. एवढं ऐकलं आणि गडी खूश!”

“अजून परवाना मिळायचाय, दादा. तोंडी परीक्षा व्हायचीय.”

“मिळेल गं. तू काय नापास होणार आहेस?”

सासूबाईंनी वाढता वाढता धाकटीचं नाव नव्या आडनावासकट म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जरा ठसक्यात. “कसं वजनदार वाटतं, नाही?”

“वजनाचा हिशेब तिच्याकडेच असतो, आई,” मास्तर म्हणाला, आणि सगळे हसले.

ताई हसली नाही. ती धाकटीकडे बघत होती. “पूर्वीच्या नावाचं काय केलंस?” तिने विचारलं. “माझं लग्न झाल्यावर मला विचारलं होतं. ‘पूर्वीचे नाव, असल्यास’ असा एक रकाना असतो बघ.”

धाकटीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

“आहे रकाना,” ती म्हणाली. “मी तो कोरा सोडला होता.”

“विसरलीस?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई. मुद्दाम सोडला.”

मग तिने फोनचं सांगून टाकलं. कचेरीतली बाई चांगली होती बिचारी, नीट समजावून बोलली. पदवी एका नावाची आणि अर्ज दुसऱ्या नावाचा. लग्नाचा दाखला जोडला आहे ते ठीक, पण रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकायचा नाही. आणि मंडळाच्या यादीत दोन्ही नावं शेजारी शेजारी छापली जातील. यादी कुणालाही बघता येते. लोकांना आपला अभियंता कोण हे कळायला नको का?

टेबलावर शांतता पसरली. ती कशाची, हे धाकटीला नेमकं ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून ही शांतता ती ऐकत आली होती.

तिचे वडील, बाबा, याच कामातले. एके काळी त्यांची सही म्हणजे शब्द होता. मग शहरातल्या जलतरण तलावाची प्रेक्षकांची गॅलरी कोसळली. त्या दिवशी लहान मुलांच्या शर्यती होत्या आणि आईबाप कठड्याशी उभे राहून आपापल्या पोरांना ओरडून ओरडून धीर देत होते. कितीतरी जण जखमी झाले. मुलाची शर्यत बघायला आलेली एक बाई गेली. बाबांचा आराखडा चोख होता. ठेकेदाराने सळ्या कमी घातल्या. पण सळ्या बांधून झाल्या की जागेवर जाऊन बघायचं आणि मगच सही करायची, हे काम बाबांचं होतं. ठेकेदार जुना, विश्वासातला. बाबा गेले नव्हते. त्यांनी कचेरीत बसून सही केली होती.

चौकशीत त्यांनी पहिल्याच दिवशी ते सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसला. बाबांचा परवाना कायमचा गेला, आणि त्यांचं आडनाव त्या गॅलरीला चिकटलं ते चिकटलंच. धाकटी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी फळ्यावर त्या दुर्घटनेचं नाव लिहिलं, तेव्हा तिचं स्वतःचं आडनाव खडूने ठळक लिहिलेलं तिने वर्गात बसून वाचलं होतं. सरांना ती कोण हे माहीत नव्हतं. मुलांना होतं. कुणी मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

“म्हणजे आपलं आडनाव,” दादा सावकाश म्हणाला, “आणि ते... एका ओळीत येणार?”

“हो.”

“आणि हॉटेलवाला यादी बघू शकतो.”

“कुणीही बघू शकतं.”

दादाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “मग माझं ऐक. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं आहे त्याच नावाने परवाना घे. आपलं आडनाव त्यात आणूच नको.”

“काय बोलतोयस तू?” मास्तर म्हणाला.

“खरं तेच बोलतोय. खाली दुकानावर पाटी आहे, मास्तर. तुला महिन्याच्या महिन्याला पगार येतो, तुला काय कळणार? लोक नाव बघून आत येतात. माझ्या पाटीवरचं नाव त्या गॅलरीच्या शेजारी छापून यायला मला नकोय.”

“मघाशी त्याच नावावर हॉटेलवाल्याला खूश करून आलास ना!”

“मघाशी मला माहीत नव्हतं!”

मास्तर ताडकन उठला. त्याची खुर्ची मागच्या मागे पडली. धाकटीने त्याचा हात धरला, पण त्याने तो हळूच सोडवून घेतला, आणि तिच्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभा राहिला. तेव्हा तिला कळलं, त्याचा राग एकट्या दादावर नव्हता.

“नाना, तुम्ही तरी बोला,” सासूबाई म्हणाल्या.

धाकटीलाही वाटलं, नाना आता दादाला झापतील. या घरात आल्यापासून तिची सगळ्यात जास्त गट्टी नानांशीच. लाकडाला कुठे किती भार सोसतो यावर दोघं तासन्‌तास बोलायची. पण नाना ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

“दादाचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “पोरी, तू माझी लाडकी आहेस. पण ते नाव मी उभं केलंय, त्याला माझी उभी हयात लागली.”

“हे बघा,” सासूबाईंनी डाव खणकन भांड्यात टाकला. “ती या घरात आली तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं का ती कुणाची मुलगी ते? मुलगी चालली, आणि तिचं नाव नाही चालत? आडनाव घे म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. आता चिकटायचं ते चिकटू दे. आपलंच माणूस आहे, तर जे असेल ते आपलं.”

“आई, धंदा असा चालत नाही.”

“मला नको शिकवूस धंदा. पहिली चार वर्षं दुकानाचे पडदे मी शिवलेत.”

नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली.

बाबांना जेवायला बोलावलं होतं, पण त्यांनी चहाला येतो म्हणून कळवलं होतं. चार माणसांत जेवायला ते कधीच जात नसत आता. आत आले, पडलेली खुर्ची पाहिली, एकेकाचे चेहरे पाहिले, आणि वाकून खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

“मी आलो की बोलणं थांबतं, त्याची सवय आहे मला,” ते हसून म्हणाले. “पण खुर्ची पडायची पाळी आज पहिल्यांदाच आली.”

कुणाला हसावं की नाही कळेना. ताईच पुढे झाली. “बसा ना, बाबा. चहा ठेवते. धाकटे, तू चल माझ्याबरोबर.”

स्वयंपाकघरात शिरताच ताईने दार लोटलं आणि आधण ठेवलं.

“तोंड धू आधी,” ती म्हणाली. “आणि दादाचं मनावर घेऊ नकोस. तो घाबरला की असाच बोलतो. माझा घटस्फोट झाला तेव्हा म्हणाला होता, आता दुकानात आरशाची कपाटं कोण घेणार.”

“आरशाची का?”

“ते त्यालाही माहीत नाही.”

धाकटीला रडता रडता हसू आलं.

“मी बघ ना,” ताई म्हणाली. “नवरा गेला, आडनाव राहिलं. दवाखान्यावर त्याचंच आहे अजून. बदलायला गेले तर निम्म्या पेशंटना वाटेल डॉक्टर बदलली. त्याच्या नावावर मी लोकांचे दात काढते, आणि तो तिकडे बसलाय.” तिने गॅस बारीक केला. “पहिल्यांदा फार जड गेलं. मग एक दिवस एक माणूस भांडायला आला. दाढ चुकीची काढली म्हणे. चुकीची नव्हती, पण तो ओरडत होता. त्या आडनावाने हाका मारत होता, आणि मी उत्तर देत होते. तेव्हा वाटलं, झालं, हे नाव आता माझंच. कोण भांडायला आलं तर तू कुठल्या नावाला उत्तर देशील, तेवढं बघ. बाकी सगळं कागदोपत्री.”

“बाबांना मी काय सांगू?”

“ते मला काय विचारतेस? चहा घे, आणि त्यांना खाली दुकानात घेऊन जा. इथे त्यांना कुणी बोलू द्यायचं नाही.”

रविवारी दुकान बंद असायचं. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उन्हाची एक पट्टी आत आली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यावर बाबा कडेला बसले, गिऱ्हाईक बसतं तसे. धाकटी समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आपण रकाना कोरा सोडला तेही.

बाबांनी चहा संपवला. कप कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी हातातच धरून ठेवला.

“मी तुला ते आडनाव दिलं ना,” ते म्हणाले, “तेव्हा ते चांगलं होतं गं.”

तिने त्यांच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला.

“तू बदल. मी मनापासून सांगतोय. रकान्यात यायचं असेल तर येऊ दे. रकान्यात राहीन मी. तुझ्या दारावर नको.”

“पण दादा त्यांचं आडनाव लावू नको म्हणतात.”

“दादाला मी समजावतो. हात जोडेन हवं तर.”

“तुम्ही कुणापुढे हात जोडायचे नाहीत!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की तिचा आवाज मागच्या कपाटांवर आपटून परत आला. मग खालच्या सुरात ती म्हणाली, “मी तुमचं नाव सुधारायला निघालेय, असं वाटेल का तुम्हाला? ते ठेवलं तर?”

“तसं असेल तर मुळीच ठेवू नकोस. त्या बाईचा मुलगा आता तुझ्याएवढा झाला असेल. तू शंभर चांगल्या इमारती बांधल्यास तरी त्याला काय त्याचं? माझं जे आहे ते माझ्याजवळ राहू दे. तुला काय हवंय ते सांग.”

धाकटीने शटरखालच्या उन्हाकडे पाहिलं. “फोनवर नाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. ते नकोय मला. एकदा तरी असं व्हावं, की मी नाव सांगितलं आणि तो म्हणाला, हां, बोला.”

बाबांनी मान हलवली. ते त्यांना कळत होतं.

“गेल्या महिन्यात ना,” ती म्हणाली, आणि थांबली. हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. “शाळेच्या जिन्याचं काम होतं. आमचे मोठे साहेब सही करणार, पण आकडेमोड माझी. शाळेच्या मुख्याध्यापकबाईंनी कागदावर माझं नाव वाचलं, आणि काही न बोलता तो कागद दुसऱ्या इंजिनियरकडे तपासायला पाठवला. माझ्या मागे. मला कळलं तेव्हा एवढा अपमान वाटला.”

“मग?”

“चूक सापडली.”

बाबा एकदम पुढे सरकले. सोफ्याचं प्लास्टिक कुरकुरलं. “कुठे?”

“मधल्या चौथऱ्यावर, जिना वळतो तिथे. शाळा सुटताना मुलं तिथे दाटीवाटीने थांबतात. मी भार धरला तो घरातल्या जिन्याचा.”

“अरे बापरे. मग सळी जाड केलीस की सळ्यांमधलं अंतर कमी केलंस?”

“अंतर कमी केलं. जाडी ठेवली तेवढीच.”

“बरोबर. बरोबर केलंस.” त्यांचा चेहरा उजळला होता. कितीतरी वर्षांत त्यांना असा प्रश्न कुणी विचारू दिला नव्हता, आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. “जिना पडला नसता तेवढ्याने. पण हलला असता.”

“हो. पण बाबा, दुसरं नाव असतं तर कुणी तपासायलाच पाठवलं नसतं.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. रात्रंदिवस जिची चीड यायची, ती ही गप्प होण्याची गोष्ट. माणसं गप्प होतात, मग शंका घेतात, मग कागद पुन्हा काढून बघतात. आपल्या कागदाला ते वाईट होतं का? आपल्याला वाईट होतं. कागदाला नव्हतं, आणि त्या जिन्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना तर नव्हतंच.

“होऊ देत गप्प,” ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना आणखी समजावायचं होतं बहुतेक, पण ते थांबले.

“माझ्यासाठी नाही ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

“नाही. तुमच्यासाठी नाही.”

वर आल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अर्ज मागे घेणार, आणि लग्नाआधीच्या, पदवीवरच्या नावाने पुन्हा भरणार. “मी लपायला नाव बदलत होते, आई. तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी बदलतेय, आणि मी तसं वाटू दिलं. ते चुकलं माझं.”

नानांच्या चेहऱ्यावर आधी हायसं वाटल्याचं दिसलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज. ते उठून आतल्या खोलीत गेले, आणि बाबा निघेपर्यंत काही ना काही निमित्त काढून आतच राहिले. शेवटी दारापर्यंत पोचवायला मात्र तेच आले. “व्याही, पुढच्या वेळी जेवायला या,” ते म्हणाले. बाबांनी बघू म्हटलं. नानांनी त्यांचा हात सोडला नाही. “बघू नाही. या.”

दादाने धाकटीला ओलांडून जाता जाता म्हटलं, “मी जरा जास्तच बोललो.” ती हो म्हणाली. त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तो तसाच थोडा वेळ घुटमळला आणि खाली शटर लावायला गेला.

सासूबाईंनी उरलेलं जेवण डब्यांत भरायला घेतलं होतं. त्यांचा हात जरा जोरात चालला होता.

“मला वाईट वाटलं,” त्या म्हणाल्या. “ते मी लपवायची नाही.”

“नका लपवू.”

“मी भावाच्या घरी, सगळीकडे सांगितलं होतं.”

“माहितीय, आई.”

“आता पुन्हा सांगावं लागेल.” त्यांनी एक डबा बंद करायला घेतला, झाकण लागेना. धाकटीने तो हातातून घेऊन लावून दिला. “पण मघाशी बोलले ते बोलले. नाव लाव नाहीतर नको लावूस, तू आमचीच. आणि हा डबा तुझ्या बाबांना द्यायचा राहिला. पळ, जिन्यातच असतील.”

मास्तरचं उरलं होतं. तो गच्चीत सापडला, कठड्याला टेकून. ती शेजारी उभी राहिली.

“मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला. “अर्जावर माझं आडनाव दिसलं तेव्हा मी काय समजलो, आणि तू...” त्याला पुढचं बोलवेना. “शाळेत सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली मी.”

“बिस्किटं?”

“हसू नकोस.”

“नाही हसत.”

“माझ्यासाठी म्हणून नसतं लावलंस का?”

तिने खरं उत्तर शोधलं. त्याला खोटं चाललं नसतं. “तुझ्यासाठी मी इथे राहतेय, मास्तर. तुझ्याशी भांडते, तुझ्या आईचा ओरडा खाते, तुझ्या दादाचं ऐकून घेते. नाव त्या कामाला घेतलं नाही कधी. ते मला माझ्या कामाला लागतं.”

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “दादाचं ऐकून घेऊ नकोस. ते मी बघतो.” आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तोंडी परीक्षा मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर झाली. टेबलाच्या पलीकडे तिघं परीक्षक होते. मधोमध बसलेले अध्यक्ष वयस्कर, एका कानात यंत्र घातलेले. त्यांच्या एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला एक तरुण गृहस्थ. माती, पाया, वारा, भूकंप, सगळं विचारून झालं. धाकटीने एका प्रश्नाला सरळ सांगितलं की मला येत नाही, बघून सांगावं लागेल. बाईंनी ते लिहून घेतलं.

मग अध्यक्षांनी तिचा अर्ज पुन्हा वरपासून वाचला. चष्मा काढला. आणि ती ओळखीची शांतता पसरली.

“त्यांच्या कोण तुम्ही?”

“मुलगी.”

“मी ओळखायचो त्यांना.” त्यांनी अर्ज बाजूला सरकवला. “हा प्रश्न नियमात बसत नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर वेगळं काय केलं असतं?”

तरुण गृहस्थाने अस्वस्थ होऊन खुर्ची हलवली. धाकटीला सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. ठेकेदाराने फसवलं. आराखड्यात तसूभरही चूक नव्हती. सळ्या चोरणारा सुटला, आणि खरं बोलणारा अडकला. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि समोरचे तिघं ते ऐकून घ्यायला तयारही दिसत होते.

“मी जागेवर गेले असते,” ती म्हणाली. “सही करायच्या आधी गेले असते आणि सळ्या मोजल्या असत्या. एकदा काँक्रीट ओतलं की मोजता येत नाहीत.”

 

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला. कागद एकावर एक ठेवले. “परवाना पोस्टाने येईल,” ते म्हणाले. “घरचा पत्ता बरोबर आहे ना तेवढा बघून जा.”

ती तिथून घरी गेली नाही. बाबांकडे गेली. बाबा एकटेच राहत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात कांदा चिरायची सुरी होती, आणि ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

“काय विचारलं?”

तिने सगळं सांगितलं. मातीचा प्रश्न, न आलेला प्रश्न. मग तो शेवटचा. बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तू काय म्हणालीस?”

 तिने शब्द बदलले नाहीत. “म्हटलं, मी जागेवर गेले असते.”

बाबा मान खाली घालून उभे राहिले. नळ थेंब थेंब गळत होता. तिला वाटलं, आपण पुढे होऊन त्यांना धरावं. पण तिने धरलं नाही, कारण ते तिच्या वडिलांपेक्षा त्या क्षणी दुसरंच कुणीतरी होते: तिच्या धंद्यातलं एक मोठं माणूस, समोर ठेवलेलं उत्तर तपासणारं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

मग सुरी ओट्यावर ठेवून त्यांनी हात धुतले, नळ घट्ट पिळून बंद केला, आणि टॉवेलला हात पुसत पुसत विचारलं, “सध्या काम कुठलं चाललंय तुझं?”

“वाचनालयाचं. छताच्या सळ्या बांधतायत उद्या.”

“तू जाणार?”

“सकाळीच.”

“मी आलो तर?” ते म्हणाले. गॅलरी पडल्यापासून ते कुठल्याच बांधकामावर गेले नव्हते. साधं रस्त्यातही एखादं दिसलं तर पलीकडच्या बाजूने जायचे. “मी काही बोलणार नाही. लांब उभा राहीन.”

“लांब कशाला?” धाकटी म्हणाली. “लांबून मोजता येतात का सळ्या? फक्त डोक्यावर हेल्मेट घालावं लागेल. माझ्या साइटवर नियम आहे तो, आणि तो मी कुणालाही माफ करत नाही.”